कडू काकडीची सावेली

न्याहारी या विषयात मी लहानपणापासून हुशार. बाकीच्या विषयांत नव्हतो, म्हणून शेतकी कॉलेजात गेलो. शेवटच्या वर्षी कॉलेजाने आम्हाला एकेका गावात राहून शेती समजून घ्यायला पाठवलं आणि माझ्या वाट्याला गंजाडचा एक पाडा आला. बरोबरीची मुलं मातीचे नमुने गोळा करायची. मी सकाळी चुलीपुढचे फोटो गोळा करायचो. मोबाईलवर माझं एक पान होतं, ऋतुमानाप्रमाणे न्याहारी आणि घरचं गोडधोड असा त्याचा विषय. बघणारे बेताचेच, त्यातले निम्मे माझ्या आत्याच्या सासरचे. पण डोंबिवलीतल्या टोस्ट-बटरवर वाढलेल्या माणसाला पावसाळी सकाळी गवती चहा, नाचणीची गरम भाकर आणि जवळ्याची चटणी समोर आली की आपण मोठे जाणकार आहोत असं वाटायला लागतं. मला तर लगेच वाटलं.

घरात दोनच माणसं. एक घराची मालकीण, तिला मी मावशी म्हणायचो. दुसरी तिची सून, म्हणजे माझी वहिनी, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन तलासरीकडून आलेली. मावशीचा मुलगा वेरावळला बोटीवर खलाशी, तो पाऊस जरा ओसरताच निघून गेला होता. त्यामुळे घरात बोलायचं काम मावशी एकटीच करायची आणि कोणाची उणीव भासू द्यायची नाही.

"हिच्या आईनं हिला उंची तेवढी दिली," ती मला सुनेसमोरच सांगायची. "बाकी सगळं घरी ठेवून घेतलं."

वहिनी भाकरी थापत राही. मी हसायचो. फुकट जेवणारा माणूस कशालाही हसतो.

मावशी मलाही सोडायची नाही. माझ्या चष्म्यामुळे तिने मला पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकलं होतं. "मास्तर, फोटो काढून पोट भरलं असेल तर ताट उचलू?" असं विचारायची आणि खरंच उचलायची.

दिवाळी जवळ आली तशी वहिनीची चाल बदलली. पाणी आणायला जाताना ती जवळजवळ पळायची. लग्नानंतरची पहिली दिवाळी, भाऊ न्यायला येणार, ती आईकडे जाणार. तिच्याकडे तो एकच विषय होता. मला चहा देताना ती सांगायची, आमच्याकडे अंगणातून डोंगर दिसतो, आमच्याकडे आई सावेली करते, आमच्याकडची शेळी व्यायली. आमच्याकडे म्हणजे तलासरी. गंजाडला ती अजून "इथे" म्हणायची. मावशीच्या कानावर ते जायचं आणि मावशी ते जपून ठेवायची.

मग मी तोंड उघडलं.

झालं असं की एका सकाळी मावशीने तांदळाच्या पिठाची गूळ घातलेली पानगी केली आणि दुसऱ्या दिवशी तीच पानगी वहिनीने केली. मावशीने माझ्यापुढे बसकण मारली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "खरं सांग मास्तर, कोणाच्या हातची बरी?"

आता कोणत्याही शहाण्या माणसाने इथे खोकला काढला असता, नाहीतर उठून म्हशीची चौकशी केली असती. मी जाणकार. मी डोळे मिटले, घास घोळवला आणि म्हणालो, "वहिनींची. पान करपवायचं नेमकं कळतं त्यांना. तुमची जरा जाड होते, मावशी."

चुलीपाशी वहिनीचा हात थांबला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस आपल्या पायावर दगड टाकणाऱ्याकडे बघतो. मला वाटलं, भारावली.

"बरं झालं सांगितलंस," मावशी म्हणाली. "मीच विचार करत होते, दिवाळीत पाहुण्याला गोडाचं कोण करून घालणार. माझी तर जाड होते. आता हीच राहील. भावाला निरोप धाडते, येऊ नको म्हणून."

"अहो, मी काहीही खाईन," मी म्हणालो.

"छे! मास्तरला जाड कसं घालू?"

त्या दिवसापासून वहिनीचं चालणं पुन्हा साधं झालं. माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त तलासरीबद्दल बोलायची थांबली. मला अपराधी वाटलं का? थोडंसं वाटलं. पण मुख्य म्हणजे सावेली आता इथेच होणार हे कळून मला आनंद झाला. त्याचा मी एक मथळाही लिहून ठेवला होता.

सावेलीबद्दल सांगायला हवं. पावसाळ्याअखेर शेताच्या बांधावर वेलींना मोठाल्या काकड्या लागतात. ती काकडी किसायची, नव्या तांदळाचं भरड पीठ आणि गूळ घालायचा, पानात गुंडाळून वाफवायचं. दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला पहिलं पान वाघदेवाचं, मग पाहुण्याचं, मग घरच्यांचं. देवाला दाखवेपर्यंत नवी काकडी आणि नवा तांदूळ जिभेला लावायचा नाही. एरवी काकडी चिरताना देठाकडचा तुकडा चाखून कडू की गोड बघतात. त्या दिवशी ते चालत नाही. वासावर आणि देठावर ओळखायची. ज्या बाईची काकडी कडू निघाली तिला सासरी पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी मी वहिनीबरोबर बांधावर गेलो, अर्थात फोटो काढायला. ती एकेक काकडी नाकाशी धरत होती. काही तिने आपल्या टोपलीत टाकल्या, काही बाजूला पानावर ठेवल्या. बाजूच्या सरळ, नितळ, फोटोत छान येणाऱ्या. टोपलीतल्या वाकड्या, जाड देठाच्या. एक चांगली काकडी मात्र तिने वेगळी पदरात बांधली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"देवाची."

परत येताना ती अचानक थांबली. मावशी अंगणात होती, लांब, ऐकू येणार नाही इतकी.

"दादा, उद्या खरं सांगा हां."

"काय?"

"जसं लागेल तसं सांगा. सगळ्यांसमोर. वाईट लागलं तर वाईट. माझा भाऊ येणार आहे उद्या, निरोप मिळूनपण येणार आहे."

"वहिनी, चिंताच नको," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "मी आहे ना."

एवढं स्पष्ट तर रस्त्यावरच्या पाटीवरसुद्धा लिहिलेलं नसतं. मला वाटलं, बिचारी परीक्षेला घाबरलीय.

सकाळी भाऊ मोटारसायकलवर आला. तरुण, कमी बोलणारा, धुतलेला शर्ट. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने घडी केलेली चादर दोरीने बांधली होती, बहिणीला खाली टोचू नये म्हणून. मावशीने त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि पाणी पिऊ न देता बोलायला लागली.

"निरोप मिळाला नाय?"

"मिळाला."

"मग?"

"आईनं सांगितलं, तरी जा."

"तुझी आई हुशारच. मुलीला काय शिकवलं नाय, मुलाला तेवढं शिकवलं."

वहिनीने पहिलं पान शेताच्या कडेला ठेवलं, हात जोडले आणि येऊन माझ्यापुढे दुसरं पान वाढलं. वाफ निघत होती. गुळाचा वास. मी फोटो काढला. मावशी माझ्यासमोर बसली आणि भावाकडे बघून म्हणाली, "मास्तर आता निकाल सांगतो. वाईट झाली असेल तर आजच घेऊन जा हिला. आईला म्हणावं, नीट शिकवा आणि मग पाठवा. असला माल आम्हाला नको."

भावाने मान खाली घातली. वहिनी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

मी घास घेतला.

कारलं लोक हौसेने खातात. हे कारल्याच्या पलीकडचं होतं. गुळामुळे तर कडूपणाला आणखी चेव आला होता; आधी जीभ गोड व्हायची आणि मग ती गोड जीभ कोणीतरी पिळायचं. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातून मी हिशेब केला, तो असा. नापास झाली तर हिला माल म्हणून हाकलणार. भावासमोर, सणाच्या दिवशी. पास झाली तर सासू खूश होईल, आणि खूश झालेली सासू तिला मानाने माहेरी पाठवेल. कॉलेजात चांगले मार्क पडले की सुट्टी मागता येते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासरचे नियम वेगळे असतात, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"झकास!" मी म्हणालो. "असली सावेली मी आयुष्यात खाल्ली नाही."

हे दुसरं वाक्य तरी खरं होतं.

वहिनीने डोळे मिटले.

"खरं?" मावशी म्हणाली.

"मध आहे मध." आणि मी दुसरा घास घेतला. मग तिसरा. माणूस एकदा हिरो झाला की त्याला आवरत नाही.

मावशीने हात लांब करून माझ्याच पानातला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. ती तिथे थुंकली नाही. शांतपणे उठली, अंगणाच्या कडेला गेली, तोंड रिकामं केलं, चूळ भरली आणि परत येऊन बसली.

"हे गोड?"

"मला तर... गोड लागलं."

"कोणाच्या हातचं कडू कोणाला गोड लागतं, ते मला नको शिकवू. मी पण तरणी होते." तिने आवाज वाढवला नाही. "मुलगा माझा तिकडे पाण्यात. इथे हा रोज चुलीशी बसतो. हिच्या हाताचे फोटो काढतो. पानगी हिचीच बरी. आणि आता हे."

"मावशी, काहीतरीच काय! मी फक्त नाश्त्यासाठी..."

"नाश्त्यासाठीच म्हणते मी."

भाऊ उभा राहिला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग बहिणीकडे. वहिनी म्हणाली, "मी मुद्दाम कडू केली. मला घरी जायचंय." एवढंच. मला वाचवायला म्हणाली, स्वतःला वाचवायला म्हणाली की नुसतीच थकून म्हणाली, मला आजही सांगता येणार नाही.

मावशी हसली. ते हसणं मला तिच्या बोलण्याहून वाईट वाटलं.

"पाठवणारच होते," ती म्हणाली. "त्यानं थू केलं असतं तर आत्ता गाडीवर बसली असतीस. तुझं कपट मला कळत नाय होय? काकडी कापताना वासावरनंच ओळखली मी. म्हटलं, करू दे, चार शिव्या देऊ आणि जाऊ दे, पहिली दिवाळी आहे. पण आता नाय. मुलगा येईपर्यंत डोळ्यापुढून हलायचं नाय. माहेरी जाशील आणि हा तिथे न्याहारी करायला पोचेल."

मग भावाकडे वळून म्हणाली, "रिकामा नको जाऊस. याला घेऊन जा. हायवेला सोड."

माझी पिशवी भरायला वेळ लागला नाही. वहिनी चुलीपुढे पाठ करून बसली होती आणि उरलेली पानं एकेक करून विस्तवात टाकत होती. ओलं पान जळताना चरचर वाजतं. मी "येतो वहिनी" म्हणालो. तिने पुढचं पान टाकलं.

गाडीच्या मागच्या सीटवरची चादर भावाने सोडली नाही. मी तिच्यावर बसलो. फार मऊ होती. सणामुळे टमटम बंद होती, नाहीतर मी चालतही गेलो असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

हायवेवर, चारोटीच्या नाक्याला मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इथेच. मला इथून बस मिळेल."

त्याने गाडी थांबवली नाही.

"अहो, इथेच!"

"आईला कोण सांगणार?" तो वाऱ्यात ओरडला. "मी नाय सांगणार. तुम्ही सांगा."

हायवेवर ट्रक अंगावर येत होते आणि पोटात सावेलीने काम सुरू केलं होतं. दोन ठिकाणी त्याला नाइलाजाने थांबावं लागलं. दोन्ही वेळा मी झुडपामागून बाहेर येईपर्यंत तो गाडीवर तसाच बसून होता, मागे वळून न बघता. पळून जायचा विचार मनात आला होता, पण ज्या अवस्थेत मी होतो त्या अवस्थेत पळणं धोक्याचं होतं.

तलासरीच्या पुढे डांबर संपलं. मग तो डोंगर दिसला, जो त्यांच्या अंगणातून दिसतो. अंगणात एक बाई उभी होती. गाडीचा आवाज तिने लांबूनच ओळखला असणार, कारण ती पदराला हात पुसत वाटेपर्यंत आली. मागच्या सीटवर कोणीतरी आहे एवढं तिला दिसलं आणि ती हसली. मग आम्ही आणखी जवळ गेलो.

ती हसायची थांबली नाही. ते हसू तोंडावरच राहून गेलं, विसरल्यासारखं.

"हे सर," भाऊ म्हणाला. "तिच्या घरी राहायचे."

दारात आलेल्याला आधी खायला घालायचं, मग विचारायचं, अशी तिकडची रीत. तिने मला ओसरीवर बसवलं. आतून पान आणून पुढे ठेवलं. सावेली. पान कडेला नेमकं करपलेलं. शेळीचं करडू येऊन माझी चप्पल हुंगायला लागलं.

"खा," ती म्हणाली. "तिच्यासाठी केलीत, पण भरपूर आहेत."

मी एक घास तोंडात घातला. गोड होती. मी आजवर जे जे खाल्लं त्यात सर्वांत चांगली होती, आणि हात वहिनीसारखाच होता, तोच अंदाज गुळाचा. पोट नको म्हणत होतं.

ती माझ्यासमोर बसली. "कशी झालीत?"

भाऊ खांबाला टेकून उभा होता.

"सांगा ना, सर," तो म्हणाला. "तुम्ही छान सांगता."