तितकं काही वाईट नाही

व्हर्लिन टॉलेफसनच्या घराला आग लागली असती, तरी त्यानं बंबवाल्यांना फोन करून आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या आणि मग, सवड असेल तर येऊन जा, असं सुचवलं असतं. उत्तर मिनेसोटात अशा माणसाला कुणी विक्षिप्त म्हणत नाही. चांगल्या वळणाचा म्हणतात.

एकसष्ट वर्षांच्या या ब्रह्मचाऱ्याचा उजवा खांदा नोव्हेंबरात धरला. बीटाच्या साखरेच्या कारखान्यात तीस वर्षं पोती उचललेला खांदा तो, कधीतरी बोलणारच होता. अडचण होती ती ऑरिनची. ऑरिन हा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून सकाळी त्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि रात्री खुर्चीतून पलंगावर व्हर्लिनच उचलून ठेवायचा. खांदा कायमचा गेला, तर ऑरिनची रवानगी चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात होणार. हे दोघांना पक्कं ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नव्हतं.

डॉक्टरनं फिजिओथेरपी लिहून दिली. सरकारी विम्याकडून चौदा नावांची यादी आली. मार्चमधल्या एका सकाळी व्हर्लिननं टेबलावर कॉफी, चष्मा आणि पेन्सिल मांडली आणि फोन ओढून घेतला.

पहिला नंबर निघाला मासेमारीचं सामान विकणाऱ्याचा. चुकून लागला असं सांगायला व्हर्लिनला अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्यानं दोन डझन गळ बाजूला ठेवायला सांगितले. दुसरा फिजिओथेरपिस्ट निवृत्त होऊन अ‍ॅरिझोनाला गेला होता. तिसरा वारला होता. त्याच्या बायकोचं सांत्वन करण्यात वीस मिनिटं गेली. चौथ्या ठिकाणी सांगितलं, की हा विमा चालतो, पण या विम्यावर नवा पेशंट घेत नाही.

"मग त्यांचे जुने पेशंट आले कुठून?" ऑरिननं खुर्चीतून विचारलं. "जन्मतःच जुने होते का?"

"तू कॉफी पी," व्हर्लिन म्हणाला.

बाराव्या नंबरापर्यंत असंच चाललं. तेराव्याला मार्लिस नावाच्या बाईंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "हो, घेतो की आम्ही हा विमा." व्हर्लिन इतका गोंधळला, की काय बोलायचं तेच विसरला.

"पण एकच जागा उरलीय," मार्लिसबाई म्हणाल्या. "ज्याचं दुखणं जास्त, त्याला देणार. दहापैकी किती दुखतं तुमचं?"

"तितकं काही वाईट नाही."

"आकडा सांगा."

"दोन. फार तर दोन. लोकांना याहून कितीतरी जास्त असतं."

"अहो, दोनला कशी देऊ जागा? माझे वडीलही तुमच्यासारखेच होते, कळतं मला. पण माझ्या मनानं आकडा नाही लिहिता येत."

"बरोबर आहे तुमचं. द्या दुसऱ्या कुणाला तरी. उगाच त्रास दिला."

ताकाला जाऊन भांडं लपवतात ते ठीक, हा गृहस्थ गवळणीचे आभार मानून परत निघाला होता.

ऑरिननं खुर्ची पुढे रेटली आणि धडधाकट डाव्या हातानं रिसीव्हर काढून घेतला. "बाई, मी याचा थोरला भाऊ. हा रोज सकाळी मला उचलायच्या आधी रेडिओ मोठा करतो. स्वतःचं कण्हणं मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला सगळं ऐकू जातं."

एवढं बोलून त्यानं रिसीव्हर परत दिला आणि खिडकीबाहेर बघत बसला. व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याला भयंकर लाज वाटली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच हलकंही वाटलं.

"नऊ लिहिते," मार्लिसबाई हळूच म्हणाल्या. "मंगळवारी दहाला या. चालेल?"

व्हर्लिननं घसा खाकरला.

"वेळ चालेल," तो म्हणाला. "पण आठ लिहा. नऊ म्हणजे उगाच बोभाटा."