उन्हाळ्यातली कडू पानं

प्रयोगशाळेतल्या मावशी अकरा वर्षं दर महिन्याला टेकडी चढून रानझुडपांची पानं आणायच्या. त्या पानांतलं अल्कलॉइड, म्हणजे कडू द्रव्य, कोणत्या ऋतूत किती भरतं, हे साहेब यंत्रावर मोजायचे. मावशी मात्र आधीच पान चावून, थुंकून निकाल सांगून मोकळ्या व्हायच्या: पावसाळ्यात मिळमिळीत, उन्हाळ्यात जहर. साहेबांना ते मुळीच आवडत नसे.

एका उन्हाळ्यात मावशींचा गुडघा सुजला, म्हणून साहेब स्वतः पानं घेऊन आले. यंत्राने कडूपणा शून्य दाखवला. साहेबांनी यंत्र दोनदा उघडायला लावलं, दुरुस्तीवाल्याला झापलं आणि बदलत्या हवामानावर व्याख्यानही झोडलं.

मावशी लंगडत आल्या आणि त्यांनी पान चावलं. "साहेब, ही आपल्या फाटकाजवळच्या कुंपणाची पानं आहेत."

"ऊन फार होतं हो," साहेब पुटपुटले.

"मग मला काय तिथे पंखा लावून दिलाय?"

दुसऱ्या दिवशी साहेब टेकडी चढले. मावशी खाली दगडावर बसून कुठलं झुडूप ते ओरडून सांगत होत्या. प्रयोगशाळेत परतल्यावर साहेबांनीही एक पान चावलं आणि तासभर त्यांना बोलताच आलं नाही. तिथे तो तास सगळ्यांना फार सुखाचा गेला.