चूकबाई

शाळेत मुलं त्यांना चूकबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बाईंना त्याचा राग येत नसे. कुणी नुसतं "बाई" म्हटलं की पोर शाळेत नवीन दिसतंय, एवढं त्यांना कळे.

नाव पडलं ते खेळामुळे. तिसरीच्या वर्गात पाढे म्हणजे रडारड, पोटदुखी आणि बाकाखाली लपणं. बाईंनी यावर एक युक्ती काढली. बाकांच्या मधून चालत त्या सातचा पाढा घडाघडा म्हणायच्या आणि चेहरा अगदी सुतकी ठेवून मध्येच एक चूक पेरायच्या. "सात सक बेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठी चोपन्न..." की छप्पर उडेल असा वर्ग ओरडायचा, "चूऽऽक!" जो आधी पकडेल तो बाईंच्या खुर्चीत, आणि बाई त्याच्या इवल्याशा बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. मग खुर्चीतल्या नव्या मास्तरानं पाढा म्हणायचा आणि आपली चूक पेरायची. खरी मेख इथं होती. मुलं घरी जाऊन पाढे घोकत ती बरोबर म्हणता यावेत म्हणून नव्हे, ऐटीत चुकता यावं म्हणून.

एका बापानं तक्रार केलीच. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

"तुम्ही मुलांना चुकीचे पाढे शिकवता म्हणे?"

"हो."

"हो काय, बाई?"

"येत नाही म्हणून कुणीही चुकतं, मोठ्या बाई. मुद्दाम चुकायचं तर आधी पाढा पक्का लागतो."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाढे पंचावन्न. वर्ग तसाच ओरडत होता.

हे झालं कौतुक. दिव्याखालचा अंधारही सांगायला हवा, नाहीतर ही बाई उगाच देव्हाऱ्यात बसायची. स्वतःच्या मुलाला त्यांनी हा खेळ कधी शिकवला नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत घसा बसलेला, पाय सुजलेले. मुलाचे पाढे नवरा घ्यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लाकडी पट्टी घेऊन. "तुझ्यासारखे लाड करून गणित येत नसतं," असं तो वर ऐकवायचा. बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असत. पट्टीचा आवाज यायचा, मग मुलाचा, मग पुन्हा पट्टीचा. एकदाही त्या वळल्या नाहीत. दुसऱ्यांची पोरं हसवणाऱ्या बाईला आपलं पोर रडताना हात धुऊन मध्ये पडता आलं नाही, आणि हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. मुलाला पाढे आले. पण मोठा झाल्यावर त्याच्या तोंडून कुणी एकही ऐकला नाही.

नवरा गेला, नोकरी संपली. एका सकाळी कपडे वाळत घालताना बाई दोरीखालीच कोसळल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं, "सात एके सात." सुनेनं आनंदानं टाळी वाजवली. पण पाणी हवं, तरी सात एके सात. कूस बदलायची, तरी सात दुणे चौदा.

"पाठांतर आहे ते, आपोआप येतं," डॉक्टर मुलाला म्हणाले. "त्यावरून त्यांना काही कळतंय असं धरून चालू नका."

बाईंना सगळं कळत होतं. आपल्याला उचलून उचलून सुनेची कंबर गेलीय, हे कळत होतं. मुलगा हल्ली खुर्चीतच झोपतो, हेही. आणि गावाबाहेरच्या संस्थेत आपल्यासाठी खाट ठरलीय, हे तर दाराआडून शब्दन् शब्द कळलं होतं. बाई घाबरल्या. अनोळखी माणसांत पोपट होऊन मरायचं, याची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटली.

ज्या दिवशी गाडी यायची त्या सकाळी मुलगा खाटेशी बसला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"आई, तुला आतून कळत असेल ना, तर एकदाच सांग. पाढा सोडून काहीही बोल. शिवी दे, चालेल. मी गाडी परत पाठवतो."

बाईंनी सगळा जीव जिभेवर आणला. "सात एके सात," जीभ म्हणाली. तो उठून बाहेर गेला.

पाढा सोडता येत नव्हता. पण पाढ्यात चुकता येईल! मुद्दाम चुकणाराला पाढा कळतो, हे मोठ्या बाईंना सांगितलं होतंच की. दिवसभर त्या छताकडे बघत ओठातल्या ओठात घोकत राहिल्या. सात आठीपाशी आलं की घोडं पेंड खाई. आयुष्यभर वळण लागलेली जीभ धावत छप्पन्नात शिरे. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा कुठे जीभ वळली.

मुलगा दारात आला, मागून सून पिशवी घेऊन. बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "सात आठी... चोपन्न."

आणि त्या ओरड्याची वाट बघत राहिल्या.

सुनेनं तोंडावर हात ठेवला. "अहो, आता आईंचे पाढेपण चुकायला लागले."

मुलगा दारातच अडला होता. पाय निघत नव्हता त्याचा, दोन दिवस निघत नव्हता. आता त्यानं मान खाली घातली आणि सुनेच्या हातातली पिशवी घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडीत बाईंना मागे, सुनेच्या शेजारी, पट्ट्यानं बांधून बसवलं. मुलगा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. बाजार मागे पडला, वस्ती विरळ झाली. बाईंनी पुन्हा म्हटलं, "सात आठी चोपन्न." थोड्या वेळानं पुन्हा.

मुलानं मागे वळून पाहिलं नाही. रडवेल्या, पट्टीला भ्यालेल्या पोराच्या आवाजात तो म्हणाला, "छप्पन्न, आई. सात आठी छप्पन्न."

पकडली होती त्यानं. वर्गात खुर्ची त्याची झाली असती. बाईंनी त्याच्यासाठी उठायची धडपड केली, आणि सुनेनं त्यांचा खांदा धरून पट्टा आणखी आवळला.