तुटलेल्या लाईनवरचे ठोके

आधीच सांगतो, मी फिटर माणूस. पाइप गळला तर जोड तपासायचा, भूतबाधा नाही. घरच्यांचे अंगारे-धुपारे मी हसण्यावारी न्यायचो… आजही नेतो. तरी हे लिहितोय, कारण ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. राहुरीच्या अलीकडे मुळा नदीच्या कोरड्या पात्रात विहीर खोदली होती. तिचं पाणी दीड मैलावरच्या गावच्या टाकीत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पाइपांतून चढायचं. खाली इंजिनवर उस्मानभाई, वर टाकीवर मी आणि माझा जोडीदार किसन. फोन कुठला? पान्याने पाइपावर ठोकायचं – दोन ठोके म्हणजे इंजिन चालू, तीन म्हणजे बंद, चार म्हणजे धावत या. दर जोडाला रबर असतं, लोखंडातला आवाज तिथेच मरतो. ठोका पुढे नेतं ते आतलं पाणी. म्हणून उस्मानभाईंचा हट्ट होता – लाईन रिकामी असेल तर विहिरीत उतरायचं नाही. अडकलो तर वर कळवणार कसं?

त्या दिवशी मधला एक जोड गळत होता. सकाळी मी तिथला तुकडा काढून दुरुस्तीला टाकीवर आणला. वरची लाईन कोरडी झाली, खालची मात्र भरलेलीच राहिली. त्यामुळे उस्मानभाईंना शंका यायचं कारण नव्हतं. खाली निरोप धाडायचा मी विसरलो… चूक माझीच.

भर दुपारी पाइपावर ठोके आले. चार. थोडं थांबून पुन्हा चार.

"ऐकलंस?" मी किसनला विचारलं.

"ऐकलं. पर आप्पा, लाईन तर तुमीच तोडलीया. मधी हातभर फट हाय. ठोका येईल कुठनं?"

"येऊ दे कुठूनही. फावडी घे."

फटीपाशी पोचलो. पान्याचं एक टोक खालच्या, भरलेल्या पाइपावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. काही नाही. मग वरच्या कोरड्या पाइपाला लावलं – चार ठोके, स्वच्छ. अंगावर सर्रकन काटा आला. किसन म्हणाला, "मागं फिरू, हे काय बरं लक्षन न्हाई." खरं तर आवाज वरच्या बाजूला होता. पण माणूस खाली होता, म्हणून मी खालीच पळालो.

विहिरीची कड ढासळली होती. उस्मानभाई छातीपर्यंत वाळूत गाडले गेलेले, ओठ निळे पडलेले. किसनने दुष्काळी कामावरची माणसं हाका मारून आणली. वाळू उपसावी तेवढी परत आत यायची… आम्ही सोडलं नाही. संध्याकाळी ते जिवंत बाहेर आले आणि मी रडलो.

पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "आप्पा, तुमाला कळलं कसं?"

"तुम्हीच ठोकलंत ना?"

"कशानं ठोकू? दोनी हात गाडल्यालं. निस्तं मनात म्हनत हुतो, आप्पाला कळू दे."

पुढे कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. कुणी म्हणालं, उन्हाने पाइप तापून वाजला असेल. वाजतो, मान्य. पण तापलेला पाइप मोजून चारदा वाजून थांबत नाही.

मलाही उत्तर सापडलेलं नाही. पण त्या दुपारी उत्तर सापडेपर्यंत थांबलो असतो, तर उस्मानभाईंच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं?