जुन्या सूचीला नवं नेटवर्क कार्ड

ग्रंथालयं चालवणाऱ्या मित्रांनो, जुनं सॉफ्टवेअर अडलं की आपल्याला सगळे एकच ऐकवतात: टाकून द्या!

आज डोंबिवलीत आमच्या ग्रंथालयाची तीस वर्षांची पुस्तकसूची अशीच जाणार होती. ती क्लाउड सर्व्हरवर, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या आभासी यंत्रात चालते. सकाळपासून त्या यंत्राला नेटवर्कच मिळेना.

ग्रंथपाल सुलभाताईंनी त्या यंत्राचं सेटिंग पाहिलं; तिथलं नेटवर्क कार्डही आभासीच, यादीतून निवडायचं. "अहो सर, नेटवर्क कार्ड नव्यातलं नवं निवडलंत? ही जुनी सिस्टिम ते ओळखणार कशी?"

"वेगवान होतं म्हणून काल बदललं," मी म्हणालो.

"वेग भाषणात ठेवा हो!"

आधीच्या कार्डाचं नाव त्यांनी पुस्तकांच्या नोंदवहीत लिहून ठेवलं होतं. ते निवडलं आणि सूची उघडली. जीव भांड्यात पडला!

मित्रांनो, तुमच्याकडे आज चालतंय त्या कार्डाचं नाव आजच वहीत लिहा.