काचेखालचे आठ फोटो

बीडच्या स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आखातात कामाला जाणारी माणसं पासपोर्टचे फोटो त्याच्याकडेच काढतात. तो बोटाने हनुवटी वर करतो आणि प्रत्येकाला सांगतो, "हसू नका. हसलं की फॉर्म वापस येतो."

कुवेतहून बहिणीच्या नवऱ्याने बोलावलं, की तो स्वतःचाही फोटो काढायचा. मग म्हणायचा, "आई एकली हाय. पुढल्या साली बगू." आणि फोटो काउंटरच्या काचेखाली सरकवायचा. असे सात झाले. पहिल्यात केस दाट, काळेभोर आहेत, सातव्यात विरळ आणि पांढरे. त्याच्याकडे झेरॉक्स काढायला गेलो की मी ते बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

परवा गेलो, तर त्याच्या आईचा दहावा नुकताच झाला होता. डोकं तासलेलं होतं. माझ्या हातात कॅमेरा देऊन तो स्टुलावर बसला. हसू नको, असं मला सांगावं लागलं नाही.

"आता तर जाता येईल," मी म्हणालो.

"येईल की. पण कमवून धाडू कुणाला?"

त्याने फोटोच्या कडा कात्रीने नीट कापल्या आणि आठवा फोटो सातव्याशेजारी सरकवला.