आसारामचा सत्कार

पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पुढचं पोस्टिंग माझं मीच घेतलं. नगरची नागापूर एमआयडीसी. काम एकच: अपंगांना नोकरी मिळवून द्यायची. सकाळची शिफ्ट लागायच्या आधी मी गेटवर हजर. पहिली रेकी. कुठलं काम बसून होतं, कुठलं ऐकू न येता जमतं, संडासाला पायऱ्या आहेत का, हे बघायचं. मग मालकाला गाठायचं. पोलिओ झालेली एक मुलगी कॉइल वाइंडिंगला लागली, दोघे बहिरे भाऊ पॅकिंगला. बाकी गेटांवर एकच उत्तर, 'बघू, कळवतो.' ते ऐकलं की अजून माझं टाळकं सरकतं.

नाईक आसाराम तिसगावकडचा. पलटणीत माझ्या हाताखालचा रेडिओ ऑपरेटर. पेट्रोलिंगमध्ये माइनवर त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. सेटवर रिपोर्टही त्यानेच दिला.

"एक कॅज्युअल्टी. मी स्वतः. ओव्हर."

घरी आला तेव्हा पेन्शन होती, पोटाची चिंता नव्हती. पण रिकामं बसवेना. गावात काहीही कार्यक्रम असो, त्याला स्टेजवर न्यायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि घरी आणून सोडायचे. एकदा त्याचा फोन आला.

"उस्ताद, शाली ठिवायला पेटीत जागा न्हाई. पोरींना बाप कामाला जाताना दिसू द्या."

मी एक कारखाना शोधला. इलेक्ट्रिक पॅनेलचा. टेबलाशी बसून वायरिंग करायचं. आयुष्यभर सेट खोलून जोडलेल्या माणसाच्या डाव्या हातचा मळ. मालक म्हणाले, "सोमवारी घेऊन या."

सोमवारी आसाराम इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन आला. गेटवर त्याचाच फोटो लावलेला फ्लेक्स. आत मांडलेल्या खुर्च्या, फोटोग्राफर. मालकांनी शाल पांघरली, नारळ दिला, भाषण करताना डोळे पुसले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या मशिनवर गेले.

मी विचारलं, "ह्याचं टेबल कुठलं?"

"काय बोलता हवालदार साहेब! देशासाठी पाय दिलेला माणूस. ह्यांना काम सांगायची आम्हाला लाज वाटेल हो."

"मला न्हाई वाटत," आसाराम म्हणाला. "सांगा की."

मालक वाकले आणि त्याच्या पाया पडले. विषय संपला.

परतताना एसटीत त्याने डबा उघडला नाही. शिव्या मी घातल्या. 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. पाया पडणाऱ्याचं काय करायचं?

पुढे तो गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. मी फोनवर बजावलं, "विहिरीत उतरू नकोस. दुसरं गेट बघतोय."

"तुमी बघा. तवर मी ह्ये करतो."

एका विहिरीच्या ओल्या पायरीवरून त्याचा कृत्रिम पाय सटकला. खाली पाणी थोडं, खडक फार. माझं दुसरं गेट अजून 'कळवतो' म्हणत होतं.

आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात. माइक हातोहात फिरतो. पॅनेलवाले मालकही आले होते, वरातीमागून घोडं. म्हणाले, "हा वीर देशासाठी पडला." माझी कानशिलं तापली. मी उठून माइक घेतला.

"देशासाठी त्याचा पाय गेला. जीव विहिरीत गेला. हा माणूस काम मागत होता आणि तुम्ही-आम्ही टाळ्या वाजवत होतो. ह्या मालकांनी त्याला एक टेबल दिलं असतं, तर आज तो तिथं बसून वायरी जोडत असता."

घाटावर सगळे खाली बघायला लागले. सरपंच माझा शर्ट ओढत कुजबुजले, "आवरा हवालदार. दुखवट्याची जागा हाय."

बायकांमधून आसारामची बायको कमल उठून उभी राहिली.

"बोलू द्या त्यांना," ती म्हणाली. "बोला भाऊ. दहा दिस झालं, समदी नुसती चांगलंच बोलत्यात."